भोक पडलेला ग्रह आणि फोकसचं चाक

वाचकाचं पत्र (थोडं आटोपतं करून):

सप्रेम नमस्कार. मुलीच्या अकराव्या वाढदिवसाला दुर्बीण घेतली. आरशाची आहे, ७६ मिलिमीटर व्यासाची, नाभीय अंतर ७०० मिलिमीटर. सोबत २०, १० आणि ४ मिलिमीटरचे तीन आयपीस (डोळा लावायची भिंगं), चित्र आणखी मोठं करणारं, ३ एक्स लिहिलेलं एक बार्लो भिंग आणि नळीवर नेम धरायला छोटा फाइंडर. खोक्यावर ‘५२५ पट मोठं’ असं छापलंय. म्हणून आम्ही सगळ्यात ताकदवान म्हणजे ४चा आयपीस लावूनच सुरुवात केली. सहा रात्री झाल्या. बहुतेक वेळा नुसता काळोख. एकदा चंद्र मिळाला, पण दुधात बुडवून काढल्यासारखा. एकदा एका तेजस्वी ताऱ्यावर नळी रोखली, तर मधोमध काळं भोक असलेलं पांढरं कडं दिसलं. मुलगी म्हणते, तो भोक पडलेला ग्रह आहे. तिने वहीत त्याचं चित्र काढलं, कड्यावरच्या तीन बारीक काळ्या रेघांसकट. आता ती ‘आज बघायचं का’ असं विचारतच नाही, आणि मला तेच जास्त लागतं. आमची दुर्बीण खराब निघाली का? की मोठीच घ्यायला हवी होती?
– एक हिरमुसलेली आई

ताई,

आधी त्या चित्राबद्दल. ते पान फाडू नका. तुमच्या मुलीने ग्रहाचं नाही, तुमच्याच दुर्बिणीचं चित्र काढलं आहे.

आरशाच्या दुर्बिणीत नळीच्या तळाशी मोठा आरसा असतो आणि तोंडापाशी एक छोटा तिरपा आरसा. हा छोटा आरसा प्रकाश बाजूला वळवून आयपीसकडे पाठवतो, पण त्याच वेळी येणाऱ्या प्रकाशाच्या मधोमध आडवाही येतो. फोकस बरोबर असेल तर त्याची सावली कुठेच दिसत नाही, कारण सगळा प्रकाश एका ठिपक्यात गोळा झालेला असतो. फोकस चुकला की तो ठिपका पसरून चकती होते, आणि त्या चकतीत आरशाची सावली काळं भोक होऊन उमटते. तीन रेघा म्हणजे छोट्या आरशाला धरून ठेवणाऱ्या तीन पट्ट्या. अकरा वर्षांच्या पोरीने त्या टिपल्या, म्हणजे नजर पक्की आहे. आणि भोक जर खरंच मधोमध असेल तर आरसेही बऱ्यापैकी जागच्या जागी आहेत. दुर्बीण खराब नाही.

थोडक्यात, त्या रात्री तारा तुम्हाला सापडला होता. चाक फिरवायचं तेवढं राहिलं.

तुमची अडचण अशी की वस्तू शोधणं आणि फोकस साधणं ही दोन वेगळी कामं तुम्ही अंधारात, एकाच वेळी, सगळ्यात अवघड आयपीस लावून करायला बसलात. यात एक सापळा आहे आणि त्यात जवळजवळ प्रत्येक नवखा माणूस पाय घालतो. फोकस नसेल तर वस्तू दिसत नाही, आणि वस्तू दिसत नसेल तर फोकस कशावर करणार? तुमच्या दुर्बिणीचा फोकस ३० मिलिमीटरने चुकला असेल, तर ताऱ्याचा प्रकाश सुमारे पाव अंशाच्या चकतीवर पसरतो, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या निम्म्या रुंदीवर. ४च्या आयपीसमधून मुळात दिसतोच पाव अंशाच्या आसपासचा तुकडा. म्हणजे तारा अगदी नेमका समोर असला तरी त्याचा प्रकाश सगळ्या दृश्यभर पातळ पसरतो आणि काळोखात विरून जातो. तुम्ही ज्याला ‘नुसता काळोख’ म्हणता, त्यातल्या काही काळोखांत तारा होता, अशी माझी खात्री आहे.

आता त्या ५२५चा हिशेब. दुर्बिणीचं नाभीय अंतर भागिले आयपीसवरचा आकडा, ही तुमची वर्धनशक्ती. ७०० भागिले २० म्हणजे ३५ पट. १०ने ७० पट, ४ने १७५ पट, आणि ४सोबत बार्लो लावलं की तिप्पट, ५२५. गणित बरोबर आहे, फक्त दुर्बिणीला ते झेपत नाही. आरशाचा व्यास मिलिमीटरमध्ये घेऊन त्याची दुप्पट केली की साधारण मर्यादा मिळते. तुमच्याकडे ती १५२ पट. त्यापुढे चित्र मोठं होतं पण नवं काही दिसत नाही, नुसतं अंधुक आणि हलतं होतं. म्हणजे ४चा आयपीससुद्धा मर्यादेच्या बाहेरच आहे. बार्लो डब्यात घालून डबा कपाटावर ठेवा. पुढेमागे २०च्या आयपीससोबत कामाला येईल, आत्ता नको.

शोधण्याच्या बाजूनेही तेच. आपल्याला एका वेळी दिसणारं अर्धं आकाश म्हणजे २०,६०० चौरस अंश. २०च्या आयपीसमधून साधारण १.४ अंशाचा गोल दिसतो, तीन चंद्र शेजारी शेजारी मांडल्याएवढा जवळजवळ. असे तेराचौदा हजार गोल मांडले की आकाश झाकलं जाईल. ४च्या आयपीसला तेच काम करायला तीन लाखांहून जास्त गोल लागतात. गवताच्या गंजीत सुई शोधायची, तीही स्ट्रॉमधून बघत! म्हणून शोधताना नेहमी मोठ्या आकड्याचा आयपीस, म्हणजे तुमच्याकडचा २०चा. हा नियम मी तीस वर्षांनंतरही मोडत नाही.

आता पहिलं काम. ते रात्रीचं नाही, दिवसाचं आहे.

दुपारी दुर्बीण बाहेर काढा. सूर्य पाठीशी हवा, आणि नळी त्याच्या दिशेला चुकूनही वळता कामा नये, फाइंडरसुद्धा. या दुर्बिणीतून सूर्याकडे एक क्षण पाहिलं तर डोळा कायमचा जातो आणि तेव्हा दुखतही नाही. डब्यात आयपीसवर बसवायची ‘सन’ लिहिलेली काळी काच असेल तर ती आजच फोडून टाका. आरशाने गोळा केलेली सगळी उष्णता नेमकी तिच्यावर पडते आणि ती तडकू शकते, तीही तुमचा डोळा लावलेला असताना. दिवसा मुलीला दुर्बिणीपाशी एकटी सोडू नका. हे एवढं कडक सांगितल्यावर पुढचं सगळं मजेचं आहे.

२०चा आयपीस लावा आणि शक्य तितकी दूरची, न हलणारी वस्तू निवडा: डोंगरावरचा मनोरा, विजेच्या खांबाचं टोक, निदान किलोमीटरभर लांबचं काहीतरी. दूरचंच का, ते सांगतो. माझी पहिली दुर्बीण मी समोरच्या छपरावरच्या अँटेनावर लावून ‘जुळवली’ होती. अंतर फार तर २० मीटर. दिवसा सगळं ठाकठीक, अँटेनाचा गंजसुद्धा दिसत होता. रात्री एक तारा मिळेल तर शपथ. महिनाभर दुर्बिणीला शिव्या घातल्या. पुढे हिशेब मांडला तेव्हा कळलं. तुमच्यासारख्या दुर्बिणीत २० मीटरवरच्या वस्तूचा फोकस आणि चंद्राचा फोकस यांत जवळपास २५ मिलिमीटरचा फरक पडतो. १०० मीटरवर तो ५ मिलिमीटर होतो, किलोमीटरवर जेमतेम अर्धा. शिवाय फाइंडर नळीच्या मध्यापासून थोडा बाजूला बसवलेला असतो, त्यामुळे जवळच्या वस्तूवर दोघांना एकत्र आणलं की दूरच्या वस्तूवर ते फाकतात. माझे दोन्ही घोटाळे एकाच अँटेनाने केले.

तर, लांबची वस्तू. आयपीसमधून बघत फोकसचं चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. दृश्य धूसर, मग बरं, मग स्वच्छ, मग पुन्हा धूसर होईल. दृश्य उलटं दिसलं तर ते तसंच असायचं. आकाशात वर-खाली असं काही नसतं. स्वच्छ दिसलं की थांबा आणि फोकसरच्या आतबाहेर सरकणाऱ्या नळीवर, ती जिथे बाहेर येते तिथे, पेन्सिलने एक बारीक रेघ ओढा. आयपीस बदलून १०चीही रेघ ओढा, कारण प्रत्येक आयपीसचा फोकस थोडा वेगळा असतो. चंद्र, गुरू, शनी, तारे या सगळ्यांचा फोकस एकाच जागी असतो. आकाशातली अंतरं कितीही वेगवेगळी असली तरी दुर्बिणीच्या लेखी ती सगळी सारखीच, अनंत. त्यामुळे रात्री अंधारात चाक त्या रेघेपाशी आणून ठेवलं की तुम्ही फोकसच्या केसाएवढ्या अंतरावर असता. मी नव्या माणसाला एकच गोष्ट शिकवायची ठरवली तर ही पेन्सिलची रेघ शिकवेन.

त्याच बैठकीत फाइंडर जुळवा. मनोऱ्याचं टोक आयपीसच्या बरोबर मध्यावर आणा, नळी घट्ट करा, मग नळीला हात न लावता फाइंडरचे स्क्रू फिरवून तेच टोक त्याच्या फुलीवर आणा. परत आयपीसमध्ये बघा, कारण नळी बहुतेक हललेली असते. नंतर १०चा आयपीस लावून पुन्हा एकदा. वीस मिनिटं जातील, जाऊ द्या. फाइंडर चुकलेला असेल तर पुढे सगळं नशिबावर चालतं.

रात्री पहिलं लक्ष्य चंद्रच, पण पौर्णिमेचा नको. पौर्णिमेला सूर्यप्रकाश समोरून पडतो, सावल्याच नसतात, आणि सगळं पिठूळ दिसतं. तुम्हाला तो दुधात बुडवल्यासारखा वाटला त्यात फोकसचा दोष असेल, पण तिथीचाही असू शकेल. शुद्ध पंचमी ते दशमी हा काळ धरा. संध्याकाळीच चंद्र वर असतो, आणि उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या कडा लांब सावल्या टाकत असतात. अष्टमीच्या आसपास चंद्राच्या मधोमध, सीमारेषेलगत, तीन मोठी विवरं एकाखाली एक रांगेत दिसतात: टॉलेमियस, अल्फॉन्सस आणि अर्झाकेल. दोनेक दिवसांनी कोपर्निकस उजेडात येतं, ९३ किलोमीटर रुंद, आतल्या कडा पायऱ्यापायऱ्यांच्या. मुलीला तिथून हलवणं अवघड जाईल.

फोकस त्या सीमारेषेवरच करा. चंद्राच्या उजळ भागावर डोळा फसतो, काळ्या सावलीच्या धारेवर फसत नाही. चाक दोन बोटांनी, अगदी हळू. सगळ्यात चांगल्या जागेपाशी थांबू नका, मुद्दाम थोडं पुढे जा, चित्र बिघडू द्या, मग परत या. दोन्ही बाजूंचा बिघाड पाहिल्याशिवाय मधली जागा कळत नाही. चाकाला हात लावला की सगळं थरथरतं, तेव्हा हात काढा, तीनचार सेकंद थांबा आणि मग ठरवा. घाई करणारे लोक फोकस नाही, थरथर बघत असतात. आणखी एक: तुमचा फोकस तो मुलीचा नव्हे. तिची पाळी आली की तिला स्वतः चाक फिरवू द्या. चष्मा नुसता जवळचा किंवा लांबचा असेल तर काढून बघितलं तरी चालतं, चाक तेवढं भरून काढतं. सिलिंडर नंबर मोठा असेल तर चष्मा राहू द्या.

ताऱ्यावर फोकस करताना खूण सोपी आहे. कडं लहान लहान होत जातं, भोक बुजतं, आणि शेवटी सुईच्या टोकाएवढा ठिपका उरतो. तारा कितीही मोठा केला तरी तुमच्या दुर्बिणीत ठिपकाच राहतो. तो जितका लहान, फोकस तितका चांगला. मुलीला हे मुद्दाम दाखवा: तिचा ‘भोक पडलेला ग्रह’ चाक फिरवून आणायचा आणि घालवायचा. तिच्या हातात ते आलं की ती दुर्बिणीला घाबरणार नाही.

गुरू दिसत असेल तर त्याच्याकडे वळा. इथे लोक ग्रहाच्या चकतीवर फोकस करायला जातात आणि थकतात. फोकस त्याच्या चंद्रांवर करा, ते ठिपके असतात. गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये ते पाहिले तेव्हा त्याच्या दुर्बिणीची ताकद २० पटींच्या आसपास होती. तुमचा सगळ्यात ‘कमजोर’ आयपीस त्याहून बराच पुढे आहे. गुरू पृथ्वीच्या जवळ असतो तेव्हा त्याची चकती सुमारे ४५ विकलांची असते (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग). ४० पटींत ती नुसत्या डोळ्यांना चंद्र दिसतो तेवढी भरते. तरीही ती लहानच वाटेल. आजूबाजूला काळं आकाश असलं की मेंदू तिला मोजायला तयारच होत नाही, आणि शिवाय छापलेली चित्रं आधी पाहिलेली असतात. मुलीला हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे हिरमोड होणार नाही. १०चा आयपीस लावून मिनिटभर शांत बघत राहिलं की चकतीवर दोन तपकिरी पट्टे सुटे होऊ लागतात. पहिल्या पाच सेकंदांत ते कुणालाच दिसत नाहीत.

आयपीस बदलण्याआधी वस्तू मध्यावर आणायला विसरू नका. आणि ती पळते, हेही धरून चाला. पृथ्वी फिरते, त्यामुळे आकाश मिनिटाला पाव अंश सरकतं. २०च्या आयपीसमध्ये वस्तू पाचेक मिनिटं राहते, ४च्यात जेमतेम एक. तुमच्या काळोखाच्या रात्रींचं आणखी एक कारण हे असणार: सापडलं, कुणालातरी हाक मारली, तोवर गेलं. फाइंडरमध्ये चित्र उलटं असेल तर वस्तू ज्या बाजूला दिसते त्याच्या उलट नळी ढकलायची. आयपीसमध्ये मात्र तुम्ही बाजूने वाकून बघत असता, तिथे डावं-उजवं लक्षात ठेवण्यात अर्थ नाही. नळीला हलकासा धक्का द्या, चित्र कुठे जातं ते बघा, मग ठरवा. दोन रात्रींत हात आपोआप शिकतो.

अशा हलक्या स्टँडची एक खोड असते. स्क्रू आवळला की नळी किंचित खाली बसते. तिच्याशी भांडू नका. वस्तूच्या जरा वर रोखा आणि मग आवळा. पाय पूर्ण लांबवू नका, स्टुलावर बसून बघा, थरथर निम्म्याने कमी होईल. दुर्बीण अर्धा तास आधी बाहेर ठेवा, म्हणजे नळीतली गरम हवा शांत होईल. खिडकीतून, काचेआडून बघू नका. आणि छपरांच्या वर टेकलेल्या, क्षितिजाजवळच्या वस्तूंवर फोकससाठी झगडू नका. तिथे हवाच उकळत असते, चाक काय करणार?

शनीची कडी ३५ पटींतही कळते. मार्च २०२५ मध्ये ती नेमकी काठावर आली होती आणि अगदी बारीक रेघ झाली होती. त्यानंतर ती वर्षागणिक उघडत जाते, २०३२च्या सुमारास सर्वात जास्त. सप्तर्षीतल्या वसिष्ठावर २०चाच आयपीस लावा: शेजारची अरुंधती डोळ्यांनाही दिसते, पण वसिष्ठ स्वतःच दोन ताऱ्यांचा आहे हे दुर्बीण सांगते. त्यांच्यात १४ विकलांचं अंतर आहे, त्यामुळे फोकसची परीक्षा घ्यायला याहून चांगली जोडी नाही. सुटे दिसले तर फोकस लागला. कृत्तिका आणि मृगातला तेजोमेघ अंधाऱ्या रात्रीसाठी ठेवा. तेजोमेघाकडे थेट न बघता नजर किंचित बाजूला ठेवली की तो जास्त पसरलेला दिसतो, हे डोळ्याचं गमतीदार कसब आहे.

मोठी दुर्बीण? आत्ता नको. वर सांगितलेलं सगळं ७६ मिलिमीटरमध्ये दिसतं, आणि मोठ्या दुर्बिणीलाही फाइंडर जुळवावा लागतो, चाकही फिरवावंच लागतं. पैसे खर्चायची फारच हौस असेल तर २५ किंवा ३२ मिलिमीटरचा एक बरा आयपीस घ्या. घेण्याआधी आपल्या आयपीसच्या दांड्याचा व्यास मोजा, दोन मापं मिळतात.

आणि तिच्या वहीसाठी एक काम. भोक पडलेल्या ग्रहाच्या पुढच्या पानावर गुरू काढायला सांगा: मधे एक गोळा आणि दोन्ही बाजूंना जे ठिपके दिसतील ते, आहेत त्याच अंतरावर. सलग चार रात्री, शक्यतो एकाच वेळी. गुरूच्या चार मोठ्या चंद्रांतला सगळ्यात आतला, आयो, ४२ तासांत फेरी पुरी करतो, त्यामुळे एका रात्रीत डावीकडचा ठिपका दुसऱ्या रात्री उजवीकडे गेलेला ती स्वतः पकडेल. एखाद्या रात्री चारांऐवजी तीनच दिसले, तर लगेच चाकाला हात घालू नका. चौथा बहुधा गुरूच्या मागे असतो, नाहीतर त्याच्या पुढ्यात. तासाभराने पुन्हा बघा.